वराहज्वर : एका नावाचा आणि एका दोषारोपाचा इतिहास

इ. स. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीला महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून ‘मानमोडी’ असे म्हणत असत. रोग्याला मान उचलवत नाही, तो मान टाकतो आणि पाहता पाहता जातो, एवढेच ते नाव सांगते. रोग कोठून आला, कोणी आणला, याविषयी ते मौन पाळते. त्याच साथीला युरोपात ‘स्पॅनिश’ हे विशेषण चिकटले. महायुद्धात तटस्थ राहिलेल्या स्पेनमधील वृत्तपत्रांवर युद्धकालीन निर्बंध नव्हते, त्यामुळे आजाराच्या बातम्या प्रथम तेथे उघडपणे छापल्या गेल्या, आणि बातमी जेथून आली तेथूनच रोगही आला असे जगाने धरून चालले. मुंबईत त्या वर्षीच्या १० जून रोजी पोलीस शिपायांपैकी सात जण तापाने रुग्णालयात दाखल झाले. त्यांपैकी एकाची नेमणूक गोदीवर होती. ऑक्टोबरच्या ६ तारखेला एका दिवसात या शहरात ७६८ माणसे मरण पावली. संपूर्ण हिंदुस्थानातील मृत्यूंची संख्या कोणताही अभ्यासक एक कोटीच्या खाली आणीत नाही.

या साथीला पुढे एक तिसरेही नाव जोडले गेले आणि ते डुकराचे होते. प्रस्तुत निबंधाचा विषय हे तिसरे नाव हा आहे. रोगाचे नाव म्हणजे केवळ खूण नव्हे. ते शोधकाची दृष्टी एका दिशेला वळवते व दुसऱ्या दिशेकडे पाठ फिरवावयास लावते. डुकरांचे आणि माणसांचे विषाणू एकमेकांकडे कसे जात-येत राहिले, याचा विसाव्या शतकातील इतिहास पाहिला तर ही गोष्ट स्पष्ट दिसते. जेथे डुक्कर निरपराध होते तेथे नावामुळे ते मारले गेले, आणि जेथे खरोखरच डुकराकडून मृत्यू येत होता तेथे नाव दुसरेच असल्यामुळे माणसे डासांच्या मागे धावत राहिली. प्रस्तुत लेखक वैद्यकाचा अभ्यासक नाही. परंतु नावांचा इतिहास हा भाषेच्या अभ्यासकाच्या कक्षेत येतो, आणि त्या अधिकारानेच पुढील विवेचन केले आहे.

या इतिहासाचा आरंभ अमेरिकेतील आयोवा या राज्यात होतो. मका आणि डुक्कर ही या राज्याची दोन मुख्य उत्पादने. सन १९१८ च्या सप्टेंबर महिन्याच्या अखेरीस तेथील सीडर रॅपिड्स या गावी डुकरांचे मोठे प्रदर्शन भरले. आपल्याकडील जनावरांच्या जत्रेसारखाच हा प्रकार. निवडक, पोसलेली जनावरे दूरदूरच्या शेतांवरून आणावयाची, शेजारी शेजारी बांधावयाची, बक्षिसे वाटावयाची आणि पुन्हा घरी न्यावयाची. या वेळी मात्र प्रदर्शनातील पुष्कळ डुकरे आजारी पडली. ताप, खोकला, श्वासाचा जोराचा भाता, डोळ्यांना-नाकाला पाणी, अंग टाकून पडणे अशी लक्षणे होती. ती घरी परतल्यावर थोड्याच दिवसांत त्या त्या शेतांवरील कळपांतही हाच आजार फैलावला.

जे. एस. कोएन हा सरकारी पशुवैद्य त्या भागात काम करीत होता. डुकरांच्या ‘हॉग कॉलरा’ नावाच्या घातक रोगाचा बंदोबस्त करणे हे त्याचे नेमून दिलेले काम. त्याने पाहिलेला आजार हॉग कॉलऱ्याचा नव्हता, याविषयी त्याला शंका उरली नाही. उलट जी लक्षणे त्याला डुकरांत दिसत होती तीच त्या शेतांवरील घराघरांत अंथरुणावर पडलेल्या माणसांत दिसत होती. कुटुंब आजारी पडले की मागोमाग कळप आजारी पडे. क्वचित कळपानंतर कुटुंब. कोएनने या आजाराला डुकरांचा फ्लू म्हटले आणि १९१९ मध्ये हे मत छापूनही प्रसिद्ध केले.

त्यावर उठलेला गदारोळ आजच्या वाचकाला परिचित वाटेल. वराहमांसाच्या धंद्यातील लोकांनी या नावाला विरोध केला. असे नाव रूढ झाले तर लोक डुकराचे मांस खाणे सोडतील, ही त्यांची भीती. कोएनने माघार घेतली नाही. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी. कोएनचे म्हणणे डुकरांनी माणसांना रोग दिला असे नव्हते. दोघांचा रोग एकच आहे, एवढेच त्याचे प्रतिपादन होते. आणि त्याने नोंदविलेला क्रम पाहिला तर रोख माणसाकडून डुकराकडे असाच दिसतो. धंदेवाल्यांनी मात्र त्या नावात आरोप वाचला. तेव्हापासून आजतागायत हे नाव आरोप म्हणूनच वाचले जात आहे.

दहा वर्षांनी हा धागा रिचर्ड शोप या तरुण संशोधकाने उचलला. तो मूळचा आयोवाचाच, वैद्यकाची पदवी घेतलेला, आणि प्रिन्स्टन येथील रॉकफेलर संस्थेत पॉल लुइस या ज्येष्ठ संशोधकाबरोबर काम करणारा. दरवर्षी शरद ऋतूत आयोवातील कळपांत हा आजार परतून येत असे. लुइस आणि शोप यांना आजारी डुकरांच्या श्वसनमार्गात एक जंतू सापडला. माणसाच्या इन्फ्लुएंझाचे कारण म्हणून त्या काळी ज्याच्याकडे बोट दाखविले जाई त्या जंतूशी त्याचे फारच साम्य होते. दुसरा कोणी असता तर प्रश्न सुटला असे समजून थांबला असता; परंतु हा जंतू निरोगी डुकरांत सोडला असता ती आजारी पडत ना. लुइस पुढे पीतज्वराच्या संशोधनासाठी ब्राझीलला गेला आणि १९२९ मध्ये त्याच रोगाने तेथे मरण पावला. शोपने एकट्याने काम पुढे नेले. आजारी डुकरांच्या फुप्फुसांतील स्राव त्याने अतिसूक्ष्म गाळणीतून गाळला. ज्यातून कोणताही जंतू पार होऊ शकत नाही अशा त्या निवळीने निरोगी डुकरांत सौम्य आजार उत्पन्न झाला. निवळी आणि तो जंतू ही दोन्ही एकत्र दिली असता मात्र शेतांवर दिसणारा तीव्र आजार जसाच्या तसा उभा राहिला. हे निष्कर्ष १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. इन्फ्लुएंझाचे कारण विषाणू आहे हे अशा रीतीने माणसात सिद्ध होण्यापूर्वी डुकरात सिद्ध झाले.

दोनच वर्षांनी, १९३३ मध्ये, लंडनच्या विल्सन स्मिथ, क्रिस्टोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ या तिघांनी माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणू वेगळा काढला. त्यासाठी त्यांनी फेरेट हा मुंगसासारखा लांबट प्राणी वापरला. या प्राण्याला माणसाप्रमाणे शिंका येतात. अशाच एका आजारी फेरेटच्या शिंकेमुळे संशोधकालाच इन्फ्लुएंझा झाल्याची नोंद पुढे १९३६ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रयोगशाळेच्या इतिहासातील ही गमतीची हकीकत. परंतु प्राण्याकडून माणसाकडे हा विषाणू जाऊ शकतो याचा तो साक्षात पुरावाही होता.

यानंतरचा प्रयोग माझ्या मते या सबंध इतिहासातील सर्वांत सुंदर आहे. शोपने आणि लंडनच्या मंडळींनी निरनिराळ्या वयांच्या माणसांच्या रक्तद्रवाची तपासणी केली. डुकराच्या विषाणूला निष्प्रभ करण्याची शक्ती त्या रक्तात आहे की नाही, एवढेच त्यांना पाहावयाचे होते. प्रौढांच्या रक्तात ती शक्ती मोठ्या प्रमाणावर आढळली, मग त्या माणसाने उभ्या आयुष्यात डुक्कर पाहिलेले असो वा नसो. बारा वर्षांखालील मुलांच्या रक्तात मात्र ती जवळजवळ नव्हती. म्हणजे १९३० च्या दशकाच्या मध्यावर जी माणसे मोठी होती त्यांना लहानपणी वा तरुणपणी या विषाणूची, किंवा त्याच्या अगदी जवळच्या भाऊबंदाची, गाठ पडली होती. आणि त्यानंतर जन्मलेल्यांना ती पडली नव्हती. अशी सार्वत्रिक गाठ एकदाच पडली होती. १९१८ मध्ये माणसांत थैमान घालून गेलेला विषाणू डुकरांत वस्तीस राहिला आहे, असे अनुमान त्यावरून निघाले. माणसाच्या रक्तातील ही स्मृती कोएनच्या निरीक्षणाला दुजोरा देत होती.

शोपला सर्वच साधले असे नाही. एका साथीपासून पुढच्या वर्षीच्या साथीपर्यंत हा विषाणू कोठे दडी मारून बसतो, या प्रश्नाचे उत्तर शोधताना तो डुकरांच्या फुप्फुसांतील कृमी आणि त्या कृमींची अंडी पोटात बाळगणारे गांडूळ यांच्यापर्यंत पोहोचला. ही उपपत्ती मोहक होती. ती टिकली नाही. तसेच १९१८ चा विषाणू मुळात माणसांत कोठून आला, या प्रश्नावरही एकमत झालेले नाही. अलास्काच्या गोठलेल्या भूमीत पुरलेल्या मृतांच्या फुप्फुसांतून आणि जतन केलेल्या जुन्या नमुन्यांतून त्या विषाणूची संपूर्ण जनुकीय रचना २००५ पर्यंत उलगडली गेली. ती पक्ष्यांच्या विषाणूंशी जवळीक दाखवते. परंतु तो पक्ष्यांकडून थेट माणसांत आला की मध्ये आणखी कोणी होते, यावर वाद आहे. माणसांतील आणि डुकरांतील उद्रेक मात्र एकाच हंगामात दिसू लागले, आणि पाठोपाठच्या क्रमाचे जे साक्षीदार आहेत ते माणसाकडेच बोट दाखवतात.

या पार्श्वभूमीवर १९७६ चे प्रकरण थोडक्यात सांगता येईल. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत न्यू जर्सीमधील फोर्ट डिक्स या लष्करी तळावर एक सैनिक मरण पावला आणि त्याच्यात डुकरांचा विषाणू सापडला. तळावरील सुमारे २३० सैनिकांना त्याचा संसर्ग झाल्याचे तपासात दिसून आले. डुकराचा विषाणू आणि १९१८ हे समीकरण शोपमुळे शास्त्रज्ञांच्या मनात पक्के बसलेले होते. १९१८ परत येते आहे, असे भय वॉशिंग्टनमध्ये पसरले. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी मार्चमध्ये संपूर्ण राष्ट्राला लस टोचण्याची घोषणा केली. ऑक्टोबरपासून चार कोटींहून अधिक लोकांना लस देण्यात आली. विषाणू मात्र तळाच्या कुंपणाबाहेर गेलाच नाही. लस घेतलेल्यांपैकी काहींना गिलाँ-बारे हा मज्जातंतूंचा विकार झाल्याचे आढळल्यावर डिसेंबरात मोहीम थांबविण्यात आली. या निर्णयाची पुढे पुष्कळ थट्टा झाली. ती मला अनुदार वाटते. ज्यांच्या हाती अपुरी माहिती आणि जवळ आलेला हिवाळा एवढेच होते त्यांनी हात बांधून बसावयास हवे होते, असे म्हणणे सोपे आहे.

आता आपल्या देशाकडे वळले पाहिजे. कारण डुकराशी निगडित असलेला खरा भारतीय रोग इन्फ्लुएंझा नसून जपानी मेंदूज्वर हा आहे, आणि मलेशियातील पुढील प्रकरण समजण्यासाठी त्याची रीत ठाऊक असणे आवश्यक आहे. रॉकफेलर प्रतिष्ठान आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या सहकार्याने १९५२ मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. तीच आजची राष्ट्रीय विषाणू संस्था. या केंद्राच्या अगदी आरंभीच्या वर्षांत, १९५५ मध्ये, वेल्लोरच्या परिसरात जपानी मेंदूज्वराचे रुग्ण भारतात प्रथम ओळखले गेले. पुढे १९७३ मध्ये बंगालच्या बांकुडा आणि बरद्वान भागांत, १९७८ मध्ये गोरखपूरच्या पट्ट्यात त्याचे मोठे उद्रेक झाले, आणि २००५ मध्ये पूर्व उत्तर प्रदेशात हजारांहून अधिक बळी गेले. त्यांत बहुतांश मुले होती.

या रोगाचा विषाणू भातखाचरांतील बगळ्यांसारख्या पाणपक्ष्यांत राहतो. खाचरांच्या साचलेल्या पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास तो पक्ष्याकडून डुकराकडे नेतो. डुकराला त्याचा फारसा त्रास होत नाही. परंतु त्याच्या रक्तात विषाणूची इतकी वाढ होते की त्याला चावणारे डास भराभर संसर्गित होतात. त्यांपैकी एखादा माणसाला चावला म्हणजे मुलाच्या मेंदूवर आघात होतो. माणसाच्या रक्तात विषाणू पुरेसा साठत नसल्याने साखळी तेथे खुंटते. म्हणजे माणूस माणसाला हा रोग देत नाही, आणि डुकराला शिवल्यानेही तो होत नाही. डास मध्ये असल्याखेरीज डुक्कर येथे सर्वस्वी निरुपद्रवी आहे. तरीही प्रत्येक उद्रेकात आपल्याकडे प्रथम कोणाच्या दारात जाऊन उभे राहतात, तर गावाच्या कडेला डुकरे पाळून पोट भरणाऱ्यांच्या. भातशेती त्यांची नसते, साचलेले पाणी त्यांचे नसते. साखळीतला जो एक दुवा त्यांच्या मालकीचा असतो तेवढाच नजरेत भरतो. गोरखपूरकडील मेंदूज्वराच्या पुष्कळ रुग्णांचा आजार जपानी मेंदूज्वर नसून स्क्रब टायफस होता, असे नंतरच्या संशोधनात आढळले आहे. तो एका किटाणूसदृश माइटच्या चाव्याने होतो, आणि त्यात डुकराचा काही संबंध नाही.

सन १९९८ च्या सप्टेंबरअखेर मलेशियाच्या पेराक राज्यात, इपोह शहरानजीकच्या वराहपालकांत मेंदूज्वराचे रुग्ण आढळू लागले. ताप, तीव्र डोकेदुखी, गुंगी, बेशुद्धी आणि पुष्कळदा मृत्यू. डुकरे होती, डास होते, मेंदूज्वर होता. निदान आपोआपच जपानी मेंदूज्वराचे झाले. काही रुग्णांच्या तपासणीतही त्याला पुष्टी देणारी चिन्हे मिळाली. धूरफवारणी सुरू झाली, लोकांना आणि डुकरांनाही लस टोचली गेली. रोग हटला नाही.

हटण्याचे कारणही नव्हते. जपानी मेंदूज्वर प्रामुख्याने मुलांना होतो. येथे आजारी पडत होते ते कर्ते पुरुष. लस घेतलेलेही आजारी पडत होते. डास शेजाऱ्यापाजाऱ्यांत भेद करीत नाही. येथे मात्र वराहशाळेत राबणारे, बहुतांशी चिनी वंशाचे लोक मरत होते, आणि जवळच्याच वस्तीत राहणारे, डुकराला न शिवणारे मलय मुसलमान सुरक्षित होते. शिवाय डुकरेही खोकत होती. त्यांचा खोकला इतका मोठा आणि कर्कश होता की तो दुरूनही ऐकू येई. जपानी मेंदूज्वरात डुक्कर खोकत नाही. ही सर्व लक्षणे वराहपालकांना दिसत होती, आणि आपल्या रोगाचा डासांशी संबंध नाही असे त्यांच्यातील अनेक जण सांगतही होते. शास्त्राच्या नावाखाली अनुभव कसा दुर्लक्षिला जातो याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

या गैरसमजाची किंमत पुढे चुकवावी लागली. रोगाच्या भयाने पेराकमधील शेतकऱ्यांनी डुकरे विकून टाकली. दोष डासांचा ठरलेला असल्यामुळे डुकरांची ने-आण रोखण्याचे कारण कोणाला दिसले नाही. आजारी डुकरे मालमोटारींतून दक्षिणेकडे नेग्री सेंबिलान राज्यात गेली, आणि तेथे बुकित पेलांडोकच्या दाट वराहपालनाच्या पट्ट्यात उद्रेक कित्येक पटींनी भडकला. तेथून सिंगापूरला गेलेल्या डुकरांमुळे कत्तलखान्यातील ११ कामगार आजारी पडले, एक मरण पावला.

सन १९९९ च्या मार्चमध्ये मलाया विद्यापीठातील चुआ कॉ बिंग या संशोधकाला सुंगाई निपाह या गावच्या रुग्णाच्या नमुन्यातून एक अनोळखी विषाणू मिळाला. पेशी एकमेकींना चिकटवून त्यांचा एक गोळा करणारा हा विषाणू जपानी मेंदूज्वराचा नव्हता. चुआ तो घेऊन अमेरिकेला गेले. अजूनही पगडा असा की ते प्रथम पोहोचले ते डास-गोचिडांनी पसरणाऱ्या विषाणूंच्या प्रयोगशाळेतच. तेथील इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मात्र विषाणू गोवराच्या कुळातील दिसला. अटलांटामध्ये पुढील ओळख पटली. ऑस्ट्रेलियात १९९४ मध्ये घोड्यांतून माणसांत आलेल्या हेंड्रा विषाणूचा हा निकटचा आप्त होता. डुकराच्या श्वासातून, स्रावांतून, थेट स्पर्शातून तो माणसात येत होता. हे कळताच दिशा बदलली. लष्कराच्या साहाय्याने नऊ लाखांहून अधिक डुकरे मारून पुरण्यात आली आणि उद्रेक काही आठवड्यांतच थांबला. तोवर मलेशियात २६५ माणसे आजारी पडून १०५ मरण पावली होती.

परंतु डुक्कर हेही या कथेतले मूळ पात्र नव्हे. विषाणूचे घर फलाहारी वटवाघळांत आहे. पेराकमधील ज्या मोठ्या वराहशाळेपासून उद्रेक सुरू झाला असे मानतात तेथे डुकरांच्या वाड्यांलगत आंब्याची आणि इतर फळझाडे लावलेली होती. वटवाघळांनी अर्धवट खाऊन टाकलेली फळे खाली पडत, डुकरे ती खात. हजारो डुकरे एकत्र असल्यामुळे आत शिरलेला विषाणू विझला नाही. पुढे सिलिगुडी (२००१), नदिया (२००७) आणि केरळात कोझिकोड (२०१८, १७ मृत्यू) येथे हाच विषाणू माणसांत आला तेव्हा मध्ये डुक्कर नव्हते. नाव मात्र त्या मलेशियन गावाला कायमचे चिकटले आहे.

याच्या दहा वर्षांनी, एप्रिल २००९ मध्ये, कॅलिफोर्नियातील दोन मुलांत आणि मेक्सिकोतील रुग्णांत इन्फ्लुएंझाचा एक नवा विषाणू ओळखला गेला. त्याची आठही जनुके डुकरांच्या विषाणूंतून आलेली होती : सहा उत्तर अमेरिकेतील डुकरांच्या, दोन युरोप-आशियातील डुकरांच्या. डुकराच्या श्वसनमार्गात पक्ष्यांचे आणि माणसांचे असे दोन्ही विषाणू रुजू शकतात, आणि एकाच पेशीत दोन विषाणू शिरले तर त्यांच्या जनुकांची अदलाबदल होऊन तिसराच जन्मतो. या अर्थाने डुक्कर हे मिश्रणपात्र ठरते. मध्य-पश्चिम मेक्सिकोतील डुकरांत हा विषाणू सिद्ध झाला असावा, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसते. तेव्हा ‘स्वाइन फ्लू’ हे नाव वंशावळीच्या दृष्टीने खोटे नव्हते. परंतु एकदा माणसांत रुळल्यावर तो माणसाच्या शिंकेतून माणसाकडे जात होता. त्या प्रवासात डुकराला काही काम उरले नव्हते. म्हणूनच ३० एप्रिल रोजी जागतिक आरोग्य संघटनेने हे नाव वापरणे सोडले. त्याला उशीर झाला होता.

इजिप्तने आदल्याच दिवशी देशातील सर्व, सुमारे तीन लाख, डुकरे मारण्याचा आदेश दिला. त्या वेळी इजिप्तमध्ये या रोगाचा एकही रुग्ण नव्हता. पहिला रुग्ण जूनमध्ये आढळला. ही डुकरे कोणाची होती हे पाहिले म्हणजे या आदेशाचा अर्थ कळतो. कैरो शहराचा कचरा घरोघर फिरून गोळा करणारा ‘झब्बालीन’ नावाचा, बहुतांशी कॉप्टिक ख्रिस्ती समाज मुकत्तम टेकडीच्या पायथ्याशी राहतो. कचरा निवडावयाचा, कागद-धातू विकावयाचे, आणि ओला कचरा डुकरांना घालावयाचा, ही त्यांची रीत. डुकरे गेली, तसे या कुटुंबांचे उत्पन्न गेले, आणि ओला कचरा उचलण्याचे प्रयोजनही गेले. काही महिन्यांतच कैरोच्या रस्त्यांवर कुजणाऱ्या कचऱ्याचे ढीग साचले. एका शब्दाने शहराची एक जुनी व्यवस्था मोडली.

पुण्यात त्या ऑगस्टमध्ये दुसरेच दृश्य होते. भारतातील या रोगाचा पहिला मृत्यू ३ तारखेला या शहरात झाला. मरण पावली ती एक शाळकरी मुलगी होती. त्यानंतर नायडू रुग्णालयापुढे रांगा लागल्या, शाळा-महाविद्यालये व चित्रपटगृहे बंद झाली, मुखपट्ट्यांचे भाव चढले, आणि रुमालात कापूर व वेलदोड्याची पूड बांधून हुंगत फिरणारी माणसे दिसू लागली. गणेशोत्सव तोंडावर होता. देशभरातील नमुन्यांच्या तपासणीचा मोठा भार राष्ट्रीय विषाणू संस्थेवर, म्हणजे पुण्यावरच, होता. मराठी वृत्तपत्रांनी नव्या नावाचा शोध घेतला नाही. ‘स्वाइन फ्लू’ हा शब्द जसाच्या तसा घेतला. ‘वराहज्वर’ हा पर्याय काहींनी सुचविला, पण तो चालला नाही. एका अर्थी ते बरेच झाले. ‘स्वाइन’ हा शब्द परका असल्यामुळे ‘डुक्कर’ या शब्दाची धार त्याला आली नाही.

त्या साथीत वृद्धांना लागण त्या मानाने कमी होत होती. त्यांच्या रक्तात या नव्या म्हटल्या जाणाऱ्या विषाणूला ओळखणारी प्रतिपिंडे होती. शोपच्या प्रयोगाची ही पंचाहत्तर वर्षांनंतरची आवृत्तीच होय. १९१८ नंतर माणसांतील विषाणू वर्षागणिक बदलत गेला. डुकरांतील त्याची शाखा त्या मानाने संथपणे बदलली. डुकराचे आयुष्य शेतावर थोडक्या महिन्यांचे असते. प्रत्येक हंगामात विषाणूपुढे कोरीच पिढी उभी असते, त्यामुळे रूप पालटण्याची त्याला तितकी निकड नसते. माणसाने सोपविलेली ठेव डुकराने अशी जवळजवळ नव्वद वर्षे सांभाळली, आणि २००९ मध्ये ती माणसाकडे परत आली.

देवाणघेवाण तेथे थांबली नाही. मे २००९ च्या आरंभीच कॅनडातील एका वराहशाळेत हा विषाणू आढळला, आणि तो माणसाकडून आला असावा असा संशय होता. पुढील दोन वर्षांत जगभरच्या डुकरांत तो माणसांकडून किमान ४९ वेळा स्वतंत्रपणे शिरल्याचे जनुकीय अभ्यासातून दिसून आले. डुकरांत आज फिरणाऱ्या इन्फ्लुएंझाच्या शाखांत माणसाने दिलेल्या शाखांचा वाटा मोठा आहे. भारतात २०१५ मध्ये या विषाणूने सुमारे तीन हजार बळी घेतले. तोवर तो सर्वसामान्य हंगामी मानवी फ्लू झालेला होता, तरी मथळ्यांत तो ‘स्वाइन फ्लू’च राहिला. त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने, नव्या रोगांना प्रांत, समाज किंवा प्राणी यांची नावे देऊ नयेत, अशी मार्गदर्शक सूचना काढली. २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात डुकरांचा ‘आफ्रिकन स्वाइन फीव्हर’ आला. हा रोग माणसाला होत नाही. पण फ्लू आणि फीव्हर यांतला भेद वृत्तपत्रे वाचणाऱ्या प्रत्येकाच्या ध्यानात येतोच असे नाही.

दरम्यान सन २०१२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील इंडियाना, ओहायो आदी राज्यांत तीनशेहून अधिक लोकांना डुकरांकडून इन्फ्लुएंझा झाला. त्यांत बहुतेक मुले होती, आणि बहुतेकांची डुकरांशी गाठ पडली होती ती शेतीच्या जत्रांत, बक्षिसासाठी आणलेल्या जनावरांच्या वाड्यांपाशी. त्या विषाणूत एक जनुक २००९ च्या महासाथीच्या विषाणूचे होते, म्हणजे माणसांनी नुकतेच डुकरांना दिलेले. तेव्हापासून तेथील आरोग्य खाते जत्रेला येणाऱ्यांना सांगत आले आहे की डुकरांच्या वाड्यात काही खाऊ-पिऊ नये, हात धुवावेत, आणि ज्याला स्वतःला ताप-खोकला असेल त्याने डुकरांजवळ जाऊ नये.